नवतप्यात चिखलदरा, तेही सायकलवर

आधीच सांगतो, हे काही शहाणपणाचं काम नव्हतं. अमरावतीहून परतवाड्यावरून चिखलदरा साधारण ८० किलोमीटर, थंडीत दोनदा जाऊन आलोय, म्हणून वाटलं उन्हाळ्यात काय, लवकर निघायचं की झालं. सुट्टी मिळाली ती नेमकी मेच्या शेवटी, नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. आई म्हणे, "नवतपा लागला अन् तू सायकल घेऊन चालला? डोकं फिरलं काय तुयं?" आणि मग तिनंच खिशात ठेवायला कांदा दिला. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण आईनं दिलेला कांदा परत करायची हिंमतही नाही.

खरी तयारी पाण्याची. तीन बाटल्या, त्यातल्या एकीत साखर-मीठ-पाणी, लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, हे मागे एकदा पोटऱ्यांना गोळे येऊन शिकलोय. आणि प्रत्येक बाटलीला जुना सुती मोजा, तो सतत ओला ठेवायचा. माठाचंच तत्त्व, दुसरं काही नाही. कोकणात हा उपाय फुकट जाईल कारण तिथं हवाच ओली, पण आपल्याकडची हवा मेमध्ये इतकी कोरडी असते की मोजा पाहता पाहता वाळतो आणि पाणी गार राहतं. वाळ्याच्या ताट्यांनी घर गार होतं ते याच्यामुळंच.

चारला निघायचं होतं, निघालो पावणेपाचला. वलगावला पेढी नदीचा पूल ओलांडताना अजून अंधारच होता. गाडगेबाबांनी १९५६ च्या डिसेंबरात या पुलाजवळच देह ठेवला, तिथं दोन सेकंद हात जोडले आणि पुढं. वारा गार, रस्ता मोकळा, आसेगाव पूर्णा येईपर्यंत मी स्वतःवर भलताच खूष होतो.

मग मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. उन्हाळ्यात वावराच्या कुंपणासाठी लोक बाभळीच्या फांद्या तोडून नेतात, काटे रस्त्याच्या कडेला सांडतात, आणि कडेनं कोण चालतं तर आपण. काटा उपसला, नवीन ट्यूब टाकली, हवा भरली, निघालो, आणि एका किलोमीटरात परत फुस्स. टायरच्या आत बोट नीट फिरवलंच नव्हतं ना! दुसऱ्या काट्याचं टोक आत मोडून बसलेलं, बाहेरून दिसत नाही, बोटाला मात्र बारीक कुसळासारखं लागतं. ते नेलकटरच्या चिमट्यानं ओढून काढलं, मग दोन्ही ट्यूबना पॅच लावले, सोल्युशन वाळेपर्यंत बसून राहिलो. सव्वा तास गेला. आणि तो सव्वा तास पहाटेचा होता, म्हणजे दुपारच्या भावानं पाहिला तर चार तासांचा.

परतवाड्यात पोहे, चहा, बाटल्या भरल्या, निघेपर्यंत साडेनऊ. उन्हाला आता धार आली होती. धामणगाव गढीच्या अलीकडं एका पाणपोईवर थांबलो. ओलं पोतं गुंडाळलेला रांजण आणि शेजारी खाटेवर एक आजोबा.

"कुठी चालले भाऊ?"

"चिखलदऱ्याले."

"सायकलनं? काऊन, एसटी बंद हाय काय?"

मी हसलो. ते काही हसले नाहीत. "चार वाजेलोक पडा इथीच, मंग जा," म्हणाले. दिवसभरात ऐकलेला सगळ्यात बरोबर सल्ला हाच, आणि मी दुपट्टा भिजवून डोक्याला गुंडाळला आणि निघालो.

घाटात गणित बदलतं. सपाटीवर सायकलचा वेग वीसचा असतो, तेवढा वारा अंगावर येतो, घाम वाळतो, अंग निवतं. चढावर वेग सहा-सात, वारा बंद, मेहनत दुप्पट, आणि डांबर खालून भाजतं. परतवाड्यापासून वर सातशे मीटरच्या आसपास चढायचं, चिखलदरा १११८ मीटरवर. बरं, मेळघाट म्हणजे जंगल म्हणून सावली असेल म्हणावं, तर सागानं पानं केव्हाच गाळलेली, दोन्ही बाजूंना नुसते खांब उभे. इंग्रजांनी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला तो १८०३ च्या डिसेंबरात, ते उगाच नाही.

साडेअकराच्या सुमारास अंगावर शहारा आला. एवढ्या उन्हात थंडी वाजल्यासारखं झालं, डोकं ठणकायला लागलं, गिअर कोणता आहे तेही समजेना. हे लक्षण मला माहीत होतं, इथं मुकाट्यानं उतरायचं असतं, अजून एक वळण पाहू म्हणायचं नसतं. नशिबानं थोडं वर एक मोहाचं झाड होतं, त्याला नवी पालवी फुटलेली. खाली आडवा झालो, पाय सायकलवर टाकले, मानेवर आणि काखेत ओला दुपट्टा, आणि साखर-मीठ-पाणी घोटाघोटानं. एकदम प्यायलो असतो तर उलटी झाली असती.

एक जीपवाला थांबला, "टाका मांगं सायकल, सोडतो." मी ऐटीत नाही म्हटलं. जीप वळणाआड गेली आणि दहा मिनिटांत स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

चारपर्यंत तिथंच. मध्ये डोळा लागला, अंगावर मुंग्या चढल्या, आईचे तीन फोन आले, मी सावलीत बसलोय एवढंच सांगितलं, कुठल्या सावलीत ते नाही. लघवी पिवळीजर्द होती ती फिकी होईपर्यंत हललो नाही. कांदाही खाल्ला, मीठ लावून, मस्त लागला.

साडेचारला निघालो तेव्हा तोच चढ वेगळाच वाटला. तीन ठिकाणी हातानं ढकलली, लाज नाही वाटली. साडेसहाला वर पोचलो तर वारा चक्क गार. लॉजवर जर्सी काढून खुर्चीवर टाकली, मिठाच्या पांढऱ्या रेघांनी अशी कडक झालेली की पापडासारखी वाजली. दोन तांबे ताक प्यायलो आणि जेवायच्या आधीच झोपलो.

सकाळी उठून उताराची मजा घ्यायला बाहेर आलो, तर आता पुढचं चाक बसलेलं.