कांड्यांचा तोरा

टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी पडले होते. सिम एकाच कंपनीचं, खिडकी तीच, टॉवर बहुधा तोच. एकावर रेंजच्या चार कांड्या, दुसऱ्यावर दोन. चारवाल्या मित्राने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून दोनवाला कोणाचा हे सांगायला नकोच. दुपार रिकामीच होती. मी दोन्ही फोनांच्या सेटिंगमध्ये शिरून, सिमच्या माहितीत दडवलेला डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा शोधून काढला. त्याचा उणे १०४, माझा उणे १०१. या उण्यांच्या राज्यात शून्याच्या जवळचा तो मोठा, आणि ३ चा फरक म्हणजे चक्क दुप्पट. म्हणजे माझ्या दोन कांड्यांना त्याच्या चारांच्या दुप्पट सिग्नल मिळत होता!

कुठल्या आकड्याला किती कांड्या, हे जो तो फोन बनवणारा आपलं आपण ठरवतो. परीक्षार्थीनेच आपला पेपर तपासावा, तसा कारभार. जुलै २०१० मध्ये ॲपलने तर जाहीर पत्र काढून सांगितलं, की आमचं कांड्यांचं सूत्रच साफ चुकलंय, कित्येकदा दोन कांड्या जास्त दिसतात. आयफोन ४ चे दिवस होते ते. त्याच्या कडेची स्टीलची पट्टी हाच अँटेना, आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्याला तळहात टेकला की रेंज ढासळायची. तक्रार करणाऱ्याला स्टीव्ह जॉब्सने कळवलं, तसा धरू नका. पुढे कंपनीने फुकट कव्हरं वाटली ती वाटलीच.

तसा धरू नका! मला लहानपणी नेमकं उलटं सांगायचे. आमच्या रेडिओची अँटेना बुडाशी खिळखिळी झाली होती. शॉर्टवेव्हवरच्या बातम्या लागल्या की नुसती खरखर, आणि कुणी अँटेना हातात धरली की आवाज स्वच्छ. घरात सर्वांत बिनकामाचा मी, म्हणून नेमणूक माझी. ‘हां, तस्साच उभा राहा,’ आजोबा म्हणायचे. नाकाला खाज सुटायची, पाय बदलायची सोय नसायची. पण कुठल्या कुठल्या देशांतली सरकारं पडायची ती माझ्या बोटांतून जाऊन, असं मला मनापासून वाटे. हवामानाचा अंदाज लागला की माझी सुटका.

फोनला मात्र हाताचं वावडं. त्याच्या लहरी आखूड, अँटेना इवलीशी. बोटं वर आली की तिचं गणित बिघडतं आणि बराचसा सिग्नल हातच गिळतो. पूर्वी निदान ती दिसायची तरी. फोन वाजला की आधी अँटेना ओढायची, मग रुबाबात ‘हॅलो’. १९९९ च्या नोकिया ३२१० ने ती पोटात घेतली आणि ओढण्याची मजा गेली. त्या जुन्या फोनांना रेंज कशी फक्कड असायची, हे म्हणणाऱ्यांना मी हसत नाही. ९०० मेगाहर्ट्झवरचा टूजी फोन २ वॉटपर्यंत ओरडू शकायचा. आजचा फोरजी फोन साधारण ०.२ वॉटवर भागवतो. आणि कांड्या काय सांगतात? फोनला टॉवर किती ऐकू येतो, एवढंच. टॉवरला आपण ऐकू येतो का, याची एकही कांडी नाही. म्हणून तर कांड्या भरगच्च असतानाही ‘हॅलो, येतोय का आवाज?’

कंपन्यांची खरी तुलना होते ती प्रयोगशाळेत. लहरी परतू न देणारी खोली, द्रवाने भरलेलं नकली डोकं, नकली हात. ते डोकं बोलताना येरझाऱ्या घालत नाही, वैतागून खिडकीशी जात नाही, हाच काय तो दोष. डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग विद्यापीठात २०१६ साली बाजारातले फोन डाव्या आणि उजव्या हातात असे वेगवेगळे मोजले, तेव्हा एकाच फोनची दोन हातांतली कामगिरी वेगळी निघाली.

परवा भाच्याने विचारलं, ‘मामा, रेंज कुठल्या कंपनीच्या फोनला चांगली?’ मी म्हटलं, ‘धरतोस कुठल्या हातात?’ तो ताडकन उठून गेला. संध्याकाळी कॅमेरा बघून फोन घेऊन आला.