लेक ऑफ द वुड्स: बर्फावर पकडलेला मासा नियमात बसवून घरी कसा आणावा

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून लेक ऑफ द वुड्स आहे. मिनियापोलिसहून बॉडेट गावापर्यंत गाडीने साधारण पाच तास. हिवाळ्यात तलाव गोठला की रिसॉर्टवाले बर्फावर हीटर असलेल्या खोल्या मांडतात, सकाळी तिथे नेऊन सोडतात, भोकंही पाडून देतात. आम्ही दोन कुटुंबं फेब्रुवारीत जाऊन आलो. थंडीचे कपडे नि गळ यांबद्दल रिसॉर्टवाले सगळं सांगतातच. मी लिहितोय ते मासा गळाला लागल्यानंतरचं.

16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. डीएनआरच्या (मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) वेबसाइटवर तो लगेच मिळतो, बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांसाठी 24 आणि 72 तासांचेही आहेत.

इथे मुख्यतः दोन मासे लागतात, वॉलआय आणि सॉगर. दोन्ही मिळून माणशी सहा ठेवता येतात, पण त्यात वॉलआय चारच. म्हणून ओळख पक्की हवी. वॉलआयच्या शेपटीचं खालचं टोक पांढरं असतं. सॉगरचं तसं नसतं, आणि त्याच्या पाठीवरचा पुढचा पर उघडून धरला की त्यावर काळे ठिपके ओळीने दिसतात. मुलांना हे पहिल्या तासातच शिकवा, मग मोजणी तीच ठेवतात.

19.5 ते 28 इंचांमधला वॉलआय लगेच पाण्यात सोडायचा. 28 च्या वरचा एकच ठेवता येतो. या मधल्या मापात गाभोळी धरणाऱ्या माद्या जास्त असतात. कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, त्यामागेही हाच विचार आहे, त्यामुळे मला हा नियम मुळीच जाचक वाटला नाही. मोजपट्टी भोकाजवळच ठेवा. आणि तुमचे सहा पूर्ण झाले की नंतर मोठा लागला म्हणून आधीचा छोटा परत सोडता येत नाही. काय ठेवायचं ते आधीच ठरवा.

आता साफसफाई. आपला हात सवयीने खवले काढून तुकड्या करायला धावतो. तलावावर असताना ते करू नका. मासा मोजता येईल असा अख्खा हवा: डोकं, शेपटी, पर, कातडी सगळं जागेवर. कल्ले आणि आतडी काढलेली चालतात. तिथेच तळून खायचा असेल तर सूट आहे, पण खाल्लेला मासाही त्या दिवसाच्या सहांत धरला जातो. बाहेर बर्फावर मासे टाकताना सरळ ठेवा. वाकडा गोठलेला मासा अधिकाऱ्याला मोजता येत नाही.

रिसॉर्टवर परतल्यावर काप काढता येतात. आमच्या रिसॉर्टमधल्या माणसाची सुरी बघत राहावी अशी होती: कल्ल्यामागे एक चीर, कण्यावरून सरळ शेपटीपर्यंत, मग कातडी सोलताना शेवटचा तुकडा तसाच चिकटलेला. प्रत्येक कापावर किमान एक चौरस इंच कातडी खवल्यांसकट राहायलाच हवी, आणि ती पोटाकडची चालत नाही. जात ओळखायला तेवढाच पुरावा उरतो. ती घरी कढई तापल्यावरच काढा. डोकी मागून घ्या, ती फेकली जातात आणि कालवणाला उत्तम लागतात.

दोन काप म्हणजे एक मासा, असा हिशेब असतो. गाडीत तपासणी झाली तर काप सुटे करून मोजता आले पाहिजेत. सगळे एका डब्यात भरून गोठवले तर त्यांचा एक दगड होतो. आम्ही एका माशाचे दोन काप एका पिशवीत, सपाट, आणि माणशी वेगळी मोठी पिशवी असं भरलं. आतडी, काटे तलावात किंवा काठावर टाकणं बेकायदा आहे. रिसॉर्टच्या पिंपातच टाका.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते घरच्या फ्रीझरकडे. तिथले मासेही तुमच्या सहांतच मोजले जातात. मागच्या फेरीतले चार शिल्लक असतील तर या वेळी दोनच आणता येतील. निघण्याआधी फ्रीझर उघडून मोजा, आणि डीएनआरचं चालू वर्षाचं नियमपुस्तक वाचा, कारण मापं आणि मर्यादा बदलत असतात.