आमची वाटचाल : फोंड्यातलं वर्तन-उपचार केंद्र

2012 साली गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर आम्ही दोघींनी केंद्र थाटलं. भागीदार स्पीच थेरपिस्ट, मी बिहेवियरवाली, म्हणजे मुलांच्या वागण्यावर काम करणारी. भांडवल म्हणजे सतरंजी, टायमर, वेल्क्रोची चित्रकार्डं आणि एबीसी शीटचे गठ्ठे. शीट अजून तीच आहे : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली. नवीन आलेल्या थेरपिस्टला मी आधी तिसरा रकाना वाचायला शिकवते.

जम बसत होता, तेवढ्यात आमच्याच रस्त्यावर दुसरं केंद्र उघडलं. एसी, काचेची खोली, कॅमेरे आणि बाहेर फलक, ‘हट्टीपणा कायमचा बंद’. आमच्या हाताखाली तयार झालेल्या मुली जास्त पगार देऊन नेल्या, ते एक वेळ मी समजू शकते. पण उपचार काय, तर सरसकट सगळ्या मुलांना एकच : दुर्लक्ष करा. अहो, मूल लक्ष वेधायला ओरडत असेल तर ठीक. अभ्यास टाळायला ओरडणाऱ्याला एकटं सोडलं की त्याला हवं तेच मिळालं! वरून सारखं दिसणारं वागणं वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणांनी टिकतं, हे वर्तनशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 सालीच दाखवलं होतं, तेही स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत. पालकांना मात्र फलक दिसतो. आमचं भाडं थकलं, भागीदारणीनं बांगड्या गहाण ठेवल्या. तिकडून परत आलेला एक मुलगा हात चावायचा. शीटवर ना वेळेचा मेळ लागेना, ना माणसांचा, ना कामाचा. बाहेर कारण सापडेना, तेव्हा काही दुखत असेल म्हणून आम्ही त्याला थेट कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. कान आतून पिकला होता, आणि आठवडेच्या आठवडे त्या पोराकडे ‘दुर्लक्ष’ चाललं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

त्या दिवसांत आम्हाला धरून राहिली ती माशेलची एक आई. तिचा मुलगा वर्गात कंपासपेटी भिरकावायचा. बाईंच्या मते तापट. ती वर्गाबाहेर थांबून कालनिर्णयाच्या कोऱ्या जागेत टिपून आणायची : ‘बेरजा काढल्या. पेटी फेकली. व्हरांड्यात बसवला.’ पान दोन पान हेच. व्हरांडा ही बाईंची शिक्षा आणि त्याची सुटका. मग त्याच्या घरच्या बोलीत, कोंकणीत, कार्ड केलं, ‘मदत जाय’ (मदत हवी), आणि दुसरं ‘नाका’ (नको). कार्ड दाखवलं की दोन मिनिटं विश्रांती, मग परत वही. सुरुवातीला बेरजाही मोजक्याच. बाईंनी नेटानं पाळलं हे विशेष. मागायची वाट दिली की फेकाफेक कमी होते, हे कार आणि ड्युरांड या संशोधकांनी 1985 साली मांडलंय. माशेलात आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. तिकडची बहुतेक मुलं आजही त्याच आईच्या शब्दावर येतात.

लॉकडाउनमध्ये व्हिडिओवर सेशन घेतली. आता तळमजलाही आमच्याकडे आहे, तो फलक केव्हाच उतरला.

आणि पालकहो, ओरडण्यावर मोबाईल देणं बंद करणार असाल, तर सुरुवातीला ओरडणं वाढणार, हे धरून चाला. मधेच दिलात तर पुढच्या वेळी मूल तेवढं मोठ्यानं ओरडेल. आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या, ‘मोबाईल दे’ असं नीट मागायला शिकवा, आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर तर सुरूच करू नका. घरात पाहुणे असतात, कोणीतरी हळूच देतंच.