आभायाले ताप आला का?

मे महिन्यात सावद्याला घरात झोपणं म्हणजे शिक्षाच. दिवसा ४५ अंशांत तापलेल्या भिंती रात्री दहालाही धग सोडत असतात. त्यामुळे आम्ही सगळे गच्चीवर. परवा मी दादांची, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची, तापमान मोजायची गन वर घेऊन गेले. दादांचं केळी पिकवायचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे १६-१८ अंश राखावे लागतात, म्हणून गन कायम त्यांच्या खिशात. (कोरोनात कपाळावर रोखायचे ती नव्हे. ती तापापुरतीच. ही उणे पन्नासपर्यंत मोजते.)

कठडा ४१. माठ २४. सासूबाईंची गोधडी ३५. मग गन सरळ डोक्यावर धरली, चांदण्यांकडे.

३.

सेल उतरला असेल म्हणून पुन्हा कठड्यावर मारली. ४१. पुन्हा वर, ३. गच्चीवरची हवा ३४ अंश आणि आभाळ ३! गन हळूहळू सातपुड्याच्या बाजूला झुकवत नेली तसा आकडा चढत गेला : १०, १८, २५. तेवढ्यात सासूबाई उठून बसल्या. "काय करून राह्यली व? आभायाले ताप आला का?"

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून मला बावीस वर्षं झाली, पण इतका नेमका प्रश्न वर्गात कुणी विचारलेला नाही.

गन पकडते ती अवरक्त किरणं. १८०० साली विल्यम हर्शेलनं सूर्यप्रकाश लोलकातून पाडला, लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे तापमापक ठेवला आणि पारा चढला. हीच ती किरणं. कठडा, माठ, सासूबाई, सगळे ती बाहेर टाकत असतात. आपल्या अंगाची तर साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त. पण अवकाश असतं उणे २७०. मग हे ३ कुणाचे? मधल्या हवेचे. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड स्वतःची ऊब खाली पाठवतात. गन आडवी केली की वाटेत हवा जास्त येते, म्हणून आकडा चढतो. थोडक्यात, मी आभाळ मोजायला गेले आणि हवा मोजून आले.

अवरक्त दुर्बिणींना पृथ्वी सोडून वर जावं लागतं ते यासाठीच. वाफ ताऱ्यांकडून येणारी बरीचशी अवरक्त किरणं गिळते, आणि वर आपलीच धग मिसळते. बरं, वर जाऊनही भागत नाही. दुर्बीण स्वतः कोमट असली तर तिच्याच उबेत तिला दुसरं काही दिसत नाही. काजवा शोधायला निघावं आणि आपल्याच डोळ्यांत कंदील पेटलेला असावा, तशी गत. म्हणून आधी तिला गार करा.

कशानं? आमच्या माठाच्याच युक्तीनं. माठातून पाणी झिरपतं, उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. दुर्बिणीत पाण्याऐवजी द्रवरूप हेलियम. १९८३ साली आयरास नावाची दुर्बीण असा हेलियमचा साठा घेऊन वर गेली आणि दहा महिन्यांत तो संपला. मी तेव्हा सातवीत. रेडिओला कान लावून आम्ही वर्ल्ड कप ऐकत होतो तेव्हा ती डोक्यावरून आभाळ चाळत होती. कुणाला पत्ता होता?

माझी लाडकी मात्र स्पिट्झर. आरसा फक्त ८५ सेंटीमीटरचा. २००३ साली सुटली, २००९च्या मे महिन्यात माठ कोरडा. वाटलं, संपलं. पण ती पृथ्वीच्या उबेपासून दूर, सूर्याभोवती फिरत होती. हेलियम नसतानाही तापून तापून तापली ती उणे २४०च्या आसपास. या काळाला शास्त्रज्ञ 'वॉर्म मिशन' म्हणतात! जळगाव जिल्ह्यातल्या माणसानं हे हसल्याशिवाय वाचून दाखवावं. दोन आखूड तरंगलांबींचे कॅमेरे तेवढ्या थंडीतही चालत राहिले, आणि ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह आहेत हे २०१७ साली जाहीर झालं, त्यात मोठा वाटा याच कोरड्या माठाचा होता.

जेम्स वेब या नंतरच्या अवकाश दुर्बिणीनं युक्ती बदलली. माठापेक्षा सावलीवर भर. आपण पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या टाकतो ना, त्यातली गंमत सावलीइतकीच मधल्या फटींची असते. वेबच्या छत्रीला केसाहूनही पातळ असे पाच पदर आहेत, टेनिसच्या मैदानाएवढे, आणि दोन पदरांमध्ये मोकळी जागा. उष्णता त्या फटींतून कडेनं निसटते. सूर्याकडच्या अंगाला ८५ अंश, आरशाकडच्या अंगाला उणे २३३. एकाच उपकरणाला, मिरीला, याहून थंडी लागते, उणे २६६च्याही खाली. त्याच्यासाठी फ्रिजसारखं यंत्र आहे. त्यात तोच हेलियम फिरत राहतो, उडून जात नाही.

हे सगळं मी सासूबाईंना गच्चीवर सांगितलं, बरंच गाळून. छत्रीचं त्यांना पटलं. स्पिट्झरपाशी मात्र त्या अडल्या.

"मंग ते माठ आता कुठी हाये?"

म्हटलं, ३० जानेवारी २०२०ला बंद केली. अजून फिरतेय सूर्याभोवती, आपल्यापासून लांब लांब जात.

"कोन्ही भरलं नाही त्याले?"

"तिथवर कोण जाणार, आई?"

त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, माठावरचं फडकं चाचपलं, सुकलं होतं. तांब्याभर पाणी त्यावर ओतून परत येऊन आडव्या झाल्या. मी पुन्हा गन मारली. २३.