आमची वाटचाल : माग, उधारी आणि रविवार

सोलापुरातली पहिली कापडगिरणी १८७७ साली उभी राहिली. सगळं गाव तिला जुनी मिल म्हणतं. आमचे आजोबा तिथे कामाला होते, पप्पा दुसऱ्या एका गिरणीत. तीही बंद पडली तेव्हा हाती आलेल्या थोड्या पैशांतून पप्पांनी १९९६ मध्ये दोन जुने यंत्रमाग घेतले आणि अक्कलकोट रोडला भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवले. आईचं म्हणणं होतं, आधी घर बांधा. उद्घाटन वगैरे काही नाही. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब आले, मागावर हात ठेवून प्रार्थना केली आणि काळ्या झालेल्या तळहाताकडे बघत चहा प्यायले.

पुढच्या बारा वर्षांत दोनाचे आठ माग झाले. टॉवेल आणि नॅपकिन, एवढंच करत होतो. रविवारी कारखाना बंद, हा पप्पांचा नियम. महिन्याला चार दिवसांचं उत्पादन बुडतं, हे मी दरवर्षी हिशेब मांडून त्यांना दाखवायचो. ते नीट वाचायचे आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला निघायचे. आमचा जॉबर, म्हणजे माग लावून देणारा-दुरुस्त करणारा, अन्ना पद्मशाली. तो मार्कंडेयाच्या फोटोला उदबत्ती ओवाळल्याशिवाय मेन स्विचला हात लावत नाही. शेजारीच बायबलातलं २३वं स्तोत्र छापलेलं आमचं कॅलेंडर. दोघांवर सारखाच कापसाचा तूस बसतो.

नोटबंदी, जीएसटी, सगळं कसंबसं निभावलं. २०१९ मध्ये मात्र परगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याने माल उचलला आणि मग फोन उचलणं बंद केलं. सात लाख चाळीस हजार. इकडे सूतवाल्या शेठचे चार लाख मी देणं लागत होतो.

प्रभूची प्रार्थना मी लहानपणापासून म्हणत आलोय. मराठीत त्या ओळीत शब्दच ‘ऋण’ आहे: आम्ही जसं आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं, तशी तू आमची ऋणं सोड. त्या रविवारी ती ओळ आली आणि माझे ओठ मिटले. शेजारी उभ्या पप्पांच्या ते लक्षात आलं असावं.

टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एक ताठ, तो कापडाचा पाया धरतो. दुसरा ढिला. आडवे तीन धागे भरले की फणी ते एकदम पुढे ठोकते आणि ढिल्या ताण्याचा लूप वर उभा राहतो. घरी जाताना पप्पांनी विचारलं, “दोन्ही बीम ताठ ठेवलेस तर?”

“नुसतं कापड निघेल. पाणी टिपणार नाही.”

“मग,” एवढंच म्हणाले.

मला भयंकर राग आला. टॉवेलचा दाखला देणं सोपं होतं, बँकेचा हप्ता त्यांना भरायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सूतवाल्या शेठकडे मुदत मागायला गेलो. कपाळावर भस्माचे पट्टे, समोर वही. त्यांनी वहीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गड्ड्यापर्यंत थांबतो.” म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत. व्याजाचा विषयही काढला नाही. देवाधर्माचं अवाक्षर न बोलता हा माणूस मला सोडून मोकळा झाला होता, आणि मी जिन्यातच बसून रडलो.

जानेवारीत निम्मे फेडले. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला.

बायबलातला ईयोब म्हणतो, माझे दिवस धोट्याहून चपळ आहेत. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो. पप्पांना फार अभिमान, की पवित्र शास्त्रात धोटा आहे. एप्रिल २०२० मध्ये आमचा धोटा जागेवर पडून होता आणि दिवस सरता सरत नव्हता. अकरा कामगार, त्यांत चार कांड्या भरणाऱ्या बायका. बायकोने पाटल्या गहाण ठेवल्या, त्यातून निम्मा पगार आणि ज्वारी, तूरडाळ दिली. १२ एप्रिलचा ईस्टर घरातच झाला. पप्पांनी पेटी काढली, आम्ही पाच जण गायलो, सूर कुणाचाच लागला नाही. त्याच सप्टेंबरात पप्पा गेले. आत मोजक्यांनाच सोडत होते, म्हणून अन्ना कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला.

श्रद्धेमुळे ऑर्डरी आल्या, असं कुणी चर्चमधल्या साक्षीत सांगू लागलं की मी चुळबुळ करतो. आमच्याकडे ऑर्डरी भाव कमी केल्याने आल्या. मला जे मिळालं ते पहाटे साडेपाचला उठून प्रार्थना करण्याचं आणि लगेच उधारीची वही उघडण्याचं बळ. त्याआधी ती वही मी महिनोन्‌महिने टाळत होतो.

आज चौदा माग आहेत, सुताच्या भावाप्रमाणे त्यांतले नऊ-दहा चालतात. शेठचे पैसे फिटले. पाटल्या सुटल्या. रविवारी कारखाना बंदच असतो, आता हिशेब मांडून दाखवायला कुणी नाही.

त्या व्यापाऱ्याचा फोन २०२२ मध्ये आला. दुकान गेलं होतं त्याचं. निम्मी रक्कम मी सोडली, सगळी सोडवेना. उरलेल्यातले पाच हजार तो महिन्याला पाठवतो. गेल्या महिन्यात आले नाहीत. काल उपासनेत ती ओळ म्हटली, आवाज जरा खाली गेला. अजून फोन केलेला नाही. बुधवारी करेन.