अप्पांचा पट्टा आणि दुसरा हात

अप्पांना इलॅस्टिकवाली पँट आणून दिली त्या दिवशी घरात संध्याकाळपर्यंत अबोला होता. मला वाटलेलं खूश होतील. फेब्रुवारीत अर्धांगवायूचा झटका येऊन गेला तेव्हापासून उजवा हात जवळजवळ गेल्यातच जमा आहे, पाय फिजिओमुळे बऱ्यापैकी आला, बोलणं तर आधीपेक्षा वाढलंय असं आई म्हणते, पण उजव्या हाताची मूठ काही उघडत नाही. तर ती पँट हातात धरून म्हणाले, "हे घालून बँकेत जाऊ? हयातीचा दाखला द्यायला? साहेब म्हणेल हा हयात आहे का दवाखान्यातून पळून आलाय." तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, खाकी ड्रेस, कडक इस्त्री, खांद्याला बॅग, कमरेला पट्टा. पट्ट्याशिवाय पँट म्हणजे त्यांच्या हिशेबात पायजमा, आणि पायजम्यात दिवसभर कोण असतं, तर आजारी माणूस. आणि पायजम्याची नाडी तरी कुठे एका हाताने बांधता येते म्हणा.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये प्लॅस्टिकच्या मोल्डचं डिझाइन करतो. दिवसभर झाकणं, क्लिपा, हाउसिंग, हेच. म्हणजे घरात बक्कल करू शकणारा माणूस बसलेला आणि बाप पट्टा लावायला रोज आईला हाक मारतोय. लाज वाटली खरं सांगायचं तर.

मग एका रविवारी सकाळी नुसतं बघत बसलो. पट्टा आई पँटच्या लुप्यांमधून आधीच ओवून ठेवते (ही युक्ती ऑक्युपेशनल थेरपीवाल्या ताईंनी शिकवलेली, त्यांनीच सांगितलं की कपडे घालताना दुबळा हातपाय आधी आणि काढताना शेवटी, इतकी साधी गोष्ट आम्हाला तीन आठवडे सुचली नव्हती). तर अप्पा कॉटच्या कडेला बसतात, डाव्या हाताने पट्ट्याचं टोक बक्कलमधून कसंबसं घालतात, ओढतात, छान घट्ट होतो, आणि आता काटा भोकात घालायचा म्हणजे टोक सोडायला लागतं. सोडलं की पट्टा सुर्रकन मागे. परत ओढा, परत सोडा. तिसऱ्या वेळी उठले, डायनिंग टेबलाच्या कडेला पोट टेकवलं, बक्कल टेबल आणि पोटाच्या मधे दाबून धरलं आणि अंगठ्याने काटा ढकलायला लागले. घाम आला होता. एकदा जमलंही, पण चुकीच्या भोकात.

पण ते टेबल बघून माझी ट्यूब पेटली. आपण समजतो दोन हात दोन कामं करतात. पट्टा लावताना तसं नसतंच, सगळं काम एकच हात करतो, दुसरा फक्त धरून ठेवतो. त्याला बोटांची अक्कल लागतच नाही. टेबल सुद्धा तेवढं करू शकतं. म्हणजे अप्पांना दुसऱ्या हाताची गरज नव्हतीच, धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. आणि त्याच दुपारी गाडीतून फिजिओला निघालो तर हा माणूस माझ्या शेजारी बसून डाव्या हाताने सीटबेल्ट ओढतो काय, खट्कन लावतो काय! मी बघतच राहिलो. रोज लावत होते, माझं लक्षच नव्हतं.

सीटबेल्टचं बक्कल जाग्यावर उभं असतं ना, म्हणून. दांडीला पक्कं, कमरेशेजारी, हलत नाही, तुम्ही फक्त दुसरं टोक आणून घुसवायचं. हा तीन ठिकाणी धरणारा पट्टा १९५९ साली व्होल्वोच्या नील्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने आणला, आधी तो विमानाच्या इजेक्शन सीटवर, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीवर, काम करायचा. त्याच्या डोक्यात पहिल्यापासून होतं की लोक हे एका हाताने, पटकन, न कुरकुरता लावतील तरच लावतील. व्होल्वोने पेटंट घेतलं पण बाकी कंपन्यांना वापरायला खुलं ठेवलं, म्हणून आज सगळ्या गाड्यांमध्ये तेच दिसतं. घट्ट करायची भानगड पण नाही, ती रीळ आणि स्प्रिंग बघते. उलट पँटच्या पट्ट्यात बघा, बक्कल लोंबकळतंय, टोक लोंबकळतंय, आणि दोन लोंबकळणाऱ्या गोष्टी एका हातात. घोड्याचा तंग आवळणारा माणूस निदान घोड्याच्या पोटाला गुडघा तरी लावू शकतो.

(बक्कल शब्दाची पण गंमत आहे. इंग्रजीतून आला आणि पोलिसात जाऊन बसला, आजही शिपायाला बक्कल नंबर विचारतात, तो पट्ट्यावर असो नसो.)

आधी आयतं काय मिळतं ते बघितलं. ऑटोलॉकवाला पट्टा, ज्याला भोकं नसतात, मागच्या बाजूला बारीक दातांची पट्टी शिवलेली असते आणि बक्कलमध्ये एक खटका, ओढलं की कटकटकट पुढे जातं, मागे येत नाही. हे मला भारी आवडलं कारण तो खटका म्हणजेच धरून ठेवणारा हात. शिवाय साध्या पट्ट्यात दोन भोकांमध्ये साधारण एक इंच असतो, इथे दात पाव इंचाला, म्हणजे जेवल्यावर थोडंसंच सैल करता येतं. अप्पांनी लावलाही. लावताना टोक घुसवायला वेळ लागला पण लागला. आणि मग खरा घोळ कळला, जो मला डिझायनर असून कळला नव्हता. पट्टा लावायला कितीही वेळ लागला तरी चालतो हो, सोडायला नाही चालत. बाथरूमच्या दारात उभा असलेला सत्तरीचा माणूस, त्याला खटका वर उचलून धरायचाय आणि त्याच वेळी टोक मागे ओढायचंय, परत दोन कामं, परत दोन हात. आत काय झालं ते मी लिहीत नाही. आईने पँट धुवायला टाकली आणि अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. माझा सगळा आराखडा त्या दिवशी उलटा झाला, आधी सोडणं, मग लावणं.

वेलक्रोचा विचार झाला, तुम्ही म्हणायच्या आधीच सांगतो. स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्ट्राल १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन रानात गेला आणि कुत्र्याच्या केसात अडकलेली काटेरी बोंडं बघून त्याला हे सुचलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पँटच्या हूकच्या जागी आम्ही टेलरकडून वेलक्रोच लावून घेतलंय, तिथे चांगलं चालतं. पट्ट्याला मात्र अप्पा नको म्हणाले. "चारचौघात कर्र्र्र आवाज करत पट्टा सोडू?" मुद्दा बरोबर आहे. आणि त्यात धागेदोरे अडकून काही महिन्यांत पकड जाते ते वेगळंच.

मग बॅगेला असतं तसं बाजूने दाबायचं प्लॅस्टिकचं बक्कल घरी थ्रीडी प्रिंटरवर छापलं. सोडायला एक हात पुरतो, अंगठा आणि बोट दाबलं की सुटतं. लावायला मात्र दोन्ही अर्धे समोरासमोर धरून ढकलावे लागतात, म्हणजे आलं परत तेच. त्यात पहिला नग मी उभा छापला होता, थर आडवे आले, दुसऱ्या दाबात काडीसारखा तुटला. मोल्डवाल्या माणसाने अशी चूक करावी म्हणजे. आडवा छापला की थर बक्कलच्या दाबायच्या दांड्यांच्या लांबीत जातात, मग टिकतो. पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये छापलेला एक नग गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला आणि मे महिन्यात त्याची पार जिलेबी झाली, हे मटेरियल साठ अंशाच्या आसपासच मऊ पडतं. मग पीईटीजी या उष्णतेत जास्त टिकणाऱ्या प्लॅस्टिकवर आलो. कारखान्यात अशी बक्कलं ॲसिटल नावाच्या चिवट प्लॅस्टिकची नाहीतर नायलॉनची करतात, ते हजारो वेळा वाकून परत सरळ होतं, घरच्या प्रिंटरला ती ऐट परवडत नाही.

आता जमलेलं काय ते सांगतो. स्थिर अर्धा डावीकडे, त्याला मागे एक जीभ आहे जी पँटच्या डावीकडच्या पहिल्या लुपीच्या आत अडकते. ही जीभ नव्हती तेव्हा अप्पा उजवं टोक ओढायचे आणि अख्खा पट्टा कमरेभोवती गोल फिरायचा, बक्कल पार कुशीत. आता लुपी धरून ठेवते. टेबलाचं काम लुपीने घेतलं. उजवीकडून येणाऱ्या टोकावर चपटा हूक, त्याच्या पोटात एक छोटं निओडिमियम चुंबक, समोरच्यात दुसरं. चुंबकं पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणली, पट्टीचं सामान बोहरी आळीतून. आता चुंबकाबद्दल गैरसमज नको, चुंबक पट्टा धरत नाही. चुंबक फक्त हूकला खाचेपर्यंत आणून सोडतं, म्हणजे नीट नेम धरायचं काम त्याचं, पोटाचा ताण घेतो तो हूक. फिडलॉक नावाच्या जर्मन कंपनीची हेल्मेटची आणि बॅगांची बक्कलं याच तत्त्वावर असतात, कल्पना माझी नाही, मी पँटला जमवली एवढंच. (घरात कोणाला पेसमेकर असेल तर हा नाद करू नका, ही बारकी चुंबकं भलतीच ताकदवान असतात. अप्पांना नाही, तरी डॉक्टरांना विचारूनच लावलं.) ऑटोलॉकची दातांची पट्टी उजवीकडे तशीच ठेवली, माप एकदा आईने लावून दिलं की महिनोन्महिने हात लावायला लागत नाही.

सोडायला हूक वर सरकवायचा. ताण आडवा, सोडणं उभं, त्यामुळे पोट कितीही ताणलं तरी ते सोडायच्या दिशेने ढकलत नाही. कागदावर. प्रत्यक्षात ताण असला की घासण वाढते आणि हूक सरकतच नाही, रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगकाटा लावून मोजलं तर चार किलो भरले. खाचेला थोडा उतार दिला, घासून गुळगुळीत केली, दीड किलोवर आणलं आणि मी कॉलर ताठ करून बसलो. मग शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण होता. अप्पा टेचात, शर्ट इन करून, प्रसाद घ्यायला खुर्चीवरून पुढे वाकले आणि मांडीने हूक खालून ढकलला. टक्! पूजेच्या शांततेत तो आवाज असा काही आला की भटजींनी पण वर बघितलं. पँट वेलक्रोने राहिली, अब्रूही राहिली, पण घरी आल्यावर मला तासभर ऐकून घ्यायला लागलं.

सोपं करायच्या नादात मी ते फारच सोपं करून ठेवलं होतं. यात मोठमोठे लोक पण तारेवरची कसरत करतात. गाडीतल्या लहान मुलांच्या सीटचं बक्कल युरोपच्या नियमाप्रमाणे ४० न्यूटनपेक्षा कमी जोरात उघडता कामा नये आणि ८० पेक्षा जास्त जोर लागता कामा नये, म्हणजे साधारण चार ते आठ किलो. खालची मर्यादा पोरासाठी, त्याला उघडता येऊ नये. वरची मर्यादा आईबापासाठी, अपघातात उघडता यावं. अप्पांना मात्र पोरापेक्षा कमी जोर आणि मांडीपेक्षा जास्त अक्कल असलेलं काहीतरी पाहिजे होतं. म्हणून आता एक छोटी पाती घातलीय, अंगठ्याने ती दाबायची आणि त्याच हाताच्या बोटांनी हूक वर न्यायचा, मांडीला अंगठा नसतो. पहिली पाती फार कडक झाली. जाडी कमी करायच्या आधी मी लांबी वाढवून बघितली, कारण अशा पात्याची लांबी दुप्पट केली की तेवढंच वाकवायला जोर आठवा हिस्सा लागतो आणि मुळाशी येणारा ताण चौथाईवर येतो. दुप्पट जागा नव्हती, नऊ मिलिमीटरची चौदा केली तरी अंगठ्याला फरक लगेच कळला. मुळाशी गोलाई दिली, तिथेच तुटतात ही.

गेले पाच आठवडे रोज चालू आहे. लावायला सात-आठ सेकंद, सोडायला दोन. आईला हाक नाही. ती म्हणते सकाळी चुकल्यासारखं होतं.

अप्पांची एकच तक्रार आहे, काळं प्लॅस्टिक दिसतं. "बॅगेचं बक्कल कमरेला लावल्यासारखं वाटतंय. पितळी कर, पॉलिश मारता येईल असं." मी आधी हसलो, मग लक्षात आलं की पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे हूक आणि खाच पितळेची करून चुंबकं आत तशीच ठेवता येतील. पुढच्या रविवारी तांबट आळीत जाऊन विचारणार आहे, एवढंसं काम कोणी घेतंय का. वजन सहापट होईल अप्पा, म्हटलं. तर म्हणाले, "चिल्लरीची बॅग उचलली आहे मी जन्मभर. तू कर."