२:०५ आणि डॉक्टर डोक

मामा बोटीवर होता. १९९९च्या चवथीला सुटीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत निंटेंडो ६४ हे गेम खेळायचं मशीन आणि 'गोल्डनआय ००७'चं कार्ट्रिज होतं. रेअर कंपनीचा १९९७चा जेम्स बॉन्डचा गेम. त्यातला 'फॅसिलिटी' हा टप्पा ००-एजंट या सगळ्यात कठीण पातळीवर २:०५मध्ये, म्हणजे दोन मिनिटं पाच सेकंदांत, संपवला तर इन्व्हिन्सिबिलिटी मिळते, म्हणजे गोळ्या लागूनही मरण नाही. मला ती मिळायला २४ वर्षं लागली.

वाट पाठ होती. छतावरच्या झरोक्यातून संडासात उडी, पुढे कॉरिडॉर. पुढे आणि बाजूला एकदम दाबून तिरकं धावलं की सरळ धावण्यापेक्षा वेग जास्त मिळतो. शिवाय नजर जमिनीवर ठेवायची, म्हणजे मशीनला पडद्यावर चित्र कमी काढावं लागतं आणि ते अडखळत नाही. अडायचं ते डॉक्टर डोकपाशी. डीकोडर या शास्त्रज्ञाकडे असतो, त्याशिवाय टाक्यांच्या खोलीचं दार उघडत नाही, आणि तो दर वेळी वेगळ्याच ठिकाणी उभा. (रेअरमधल्या डेव्हिड डोकचंच नाव त्याला दिलंय. त्या माणसाला मी फार बोल लावलेत.) त्यात कंट्रोलरच्या स्टिकच्या बुडाशी प्लॅस्टिक घासून पांढरी पूड जमायची. आम्ही फुंकर मारून ती उडवायचो आणि स्टिक दिवसेंदिवस लुळी पडत गेली. माझा तिथला सर्वोत्तम वेळ २:०९.

जानेवारी २०२३मध्ये हाच गेम एक्सबॉक्स आणि निंटेंडोच्याच स्विच या नव्या मशीनांवर एकाच दिवशी आला. आधी म्हापशाला मित्राच्या एक्सबॉक्सवर बसले. तिथे गेम लोण्यासारखा चालतो, खाली बघायची गरजच नाही. पण हाडात मुरलेली सवय! मी आपली फरशी न्याहाळत धावतेय आणि समोरचा पहारेकरी मला टिपून मोकळा. तासाभरात नाद सोडला.

घरी स्विचवर वेगळंच दुखणं. जुन्या कंट्रोलरवरची पिवळी सी-बटणं तिथे उजव्या स्टिकवर येतात, त्यामुळे चालताना बॉन्डची मान आभाळाकडे. शेवटी गेममध्ये '१.२ सॉलिटेअर' ही कंट्रोलची मांडणी निवडली आणि स्विचच्या सेटिंगमध्ये दोन्ही स्टिकची अदलाबदल केली. हात बसला. संध्याकाळी भाची मारिओ कार्ट खेळायला बसली आणि तिची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत! स्विचवर मधेच सेव्ह करून ठेवायची सोयही आहे, पण ती वापरायची म्हणजे चवथीच्या नेवऱ्या दुकानातून आणण्यातला प्रकार.

जूनमधली एक धाव अजून आठवते. डोक दारातच भेटला होता, घड्याळ माझ्या बाजूने होतं. तेवढ्यात वीज कडाडली आणि लाईट गेली. टीव्ही काळा. टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधली स्विच मात्र बॅटरीवर चालूच! ती उपसून काढेपर्यंत बॉन्ड मेला होता.

त्यानंतर अकरा दिवसांनी, जेवायला बोलावणाऱ्या आईला "आले, आले" म्हणत, २:०३. हात थरथरत होते. मामाला फोन लावला.

"मामा, फॅसिलिटी झालं. २:०३!"

"अगो, खरंच? कुठल्या मशीनवर?"

"स्विचवर."

"मग आपल्या मशीनवर कर बघू."